खिडकीतला अननस : शेंडा लावण्यापासून फळ कापण्यापर्यंत

अननस घरी आला की सगळ्यात आधी त्याचा शेंडा कचऱ्याच्या डब्यात जातो. बाजारातच सोलून घेतला तर फळवाला एका फटक्यात तो उडवतो आणि बाजूच्या टोपलीत फेकतो. त्या टोपलीत दिवसभरात जे साठतं तो खरं म्हणजे अननसाच्या रोपांचा आख्खा वाफा असतो. शेंडा हे पूर्ण रोप आहे. त्याला फक्त मुळं फुटायची बाकी असतात.

अननस कुंडीत वाढतो हे काही नवं शहाणपण नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर उतरला. ‘अननस’ हा शब्दही दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आला. त्याच शतकाच्या शेवटी अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त त्याला ‘कटहल-ए-सफरी’ म्हटलंय, म्हणजे प्रवासातला फणस. कारण असं दिलंय, की त्याचं लहान रोप भांड्यात लावून प्रवासात बरोबर नेता येतं आणि ते फळही देतं. तेव्हा बाराव्या मजल्यावरच्या खिडकीत तो रुजला तर फार आश्चर्य मानू नये.

सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगतो. शेंड्यापासून फळ हातात यायला घरात दोन ते अडीच वर्षं लागतात, कधी तीनही. आणि घरात कुठेच थेट ऊन येत नसेल, तर रोप जगेल, शोभेल, पण फळ धरणार नाही. हे चालणार असेल तर पुढे वाचा. पहिलं दीड वर्ष हे निव्वळ पानांचं झाड आहे असं समजून ठेवलंत तर निराशा होत नाही, आणि पानांचं झाड म्हणूनही तो देखणा आहे.

स्वभाव ओळखा, मग कुंडी आणा

माझे पहिले दोन शेंडे कुजले. कारण एकच. फळ एवढं रसाळ म्हणजे झाडाला पाणी भरपूर लागत असणार, असं मी गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात अननसाचा स्वभाव निवडुंगाच्या जवळचा आहे. बहुतेक झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडी ठेवतात. अननस ती मुख्यतः रात्री उघडतो, कार्बन डायॉक्साइड आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा छिद्रं मिटून त्या साठ्यावर, उन्हाच्या जोरावर, आपलं अन्न तयार करतो. भर दुपारी छिद्रं बंद, म्हणून पाणी उडून जात नाही. त्याची मुळंही उथळ आणि थोडकी असतात. चिखलात ती टिकत नाहीत.

(याच गोष्टीवरून ‘अननस रात्री ऑक्सिजन सोडतो, बेडरूममध्ये ठेवा’ असे मेसेज फिरत असतात. रात्री तो कार्बन डायॉक्साइड घेतो हे खरं, पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच. बेडरूममध्ये खुशाल ठेवा, खिडकी चांगली असेल म्हणून ठेवा.)

तर सूत्र एवढंच, की ऊन जास्त, पाणी कमी आणि आपला हात त्याहून कमी. पुढचं सगळं यातूनच निघतं.

फळ निवडताना फळाकडे नाही, शेंड्याकडे बघा

आपल्या बाजारात मुख्यतः दोन जातींचे अननस येतात. एक ‘मॉरिशस’, जो केरळातल्या वाझक्कुळम भागातून मोठ्या प्रमाणावर येतो. फळ मध्यम, गर पिवळा, आणि पानांच्या दोन्ही कडांना करवतीसारखे काटे. दुसरा ‘क्यू’ किंवा ‘जायंट क्यू’. याचं फळ मोठं आणि रसाळ, आणि पानांच्या कडा जवळजवळ गुळगुळीत. काटा असला तर टोकापाशी. घरात लहान मूल रांगत असेल, किंवा कुंडी येण्याजाण्याच्या वाटेवर राहणार असेल, तर क्यूचा शेंडा शोधा. पानाच्या कडेवरून बोट हळूच खालून वर फिरवलं की लगेच कळतं. मी मॉरिशस लावला आणि तेव्हापासून आमच्याकडे पडदा ओढणं हे जपून करायचं काम झालंय.

शेंडा हिरवा, ताठ, मधली कोवळी पानं शाबूत असलेला हवा. मधलं पान हलकेच ओढून पाहा. अलगद हातात आलं तर आतला कोंब कुजलाय. काही फळांच्या शेंड्याचा मधला भाग मुद्दाम खुडलेला असतो, तोही नको. एकाच फळावर तीन-चार शेंड्यांचा झुपका असेल तर तो टाळून एकच सरळ शेंडा असलेलं फळ घ्या. पानांच्या बेचक्यांत पांढरा कापसासारखा चिकटा दिसला तर ते पिठ्या ढेकूण. असलं बिऱ्हाड घरात आणू नका. फ्रिजमध्ये किंवा शीतगृहात फार दिवस राहिलेल्या फळाचा शेंडा थंडीने आतून दुखावलेला असू शकतो, म्हणून हातगाडीवरचं ताजं फळ जास्त भरवशाचं.

फळवाला सोलून देणार असेल तर आधीच सांगा, ‘दादा, शेंडा तोडू नका, मला हवाय.’ तो विचारतोच कशाला म्हणून. सांगितलं की दोन शेंडे फुकट देतो. घ्या. दोन लावले तर एक हमखास लागतो.

मुहूर्त म्हणाल तर फेब्रुवारी ते जून हा काळ उत्तम. हवा गरम असते, मुळं लवकर फुटतात. डिसेंबरच्या थंडीत लावलेला शेंडा मरत नाही, पण दोन-दोन महिने नुसता बसून राहतो.

शेंडा काढणे, सोलणे, वाळवणे

माझ्या मते यशापयशाचा बहुतेक निकाल या टप्प्यावर लागतो. म्हणून इथे घाई नको.

सुरी वापरू नका. एका हातात फळ घट्ट धरा, दुसऱ्या हाताने शेंडा मुळाशी पकडा (काट्यांचा असेल तर फडक्याने) आणि ओलं कापड पिळावं तसा पिळा. पिकलेल्या फळाचा शेंडा ‘कट्’ करून निघतो आणि त्याच्याबरोबर देठाचा लहानसा खुंट येतो. तो खुंट म्हणजेच आपलं खोड. सुरीने कापला असेल तर खाली चिकटलेला पिवळा गर कण न् कण खरवडून काढा. त्या गोड गरावरच बुरशी आणि मुंग्या दोन्ही येतात.

आता खालची लहान पानं एकेक करून खाली ओढून सोला. एक ते सव्वा इंच खोड उघडं झालं की थांबा. त्या उघड्या खोडावर बारीक तपकिरी पुटकुळ्या दिसतील, कधी कधी पानाखाली वेटोळं घालून बसलेलं सुकं मूळही दिसेल. ती भावी मुळं आहेत, नखाने खरवडू नका. खोडाचं टोक फार ओलं वाटलं तर अगदी पातळ चकती कापा, पुटकुळ्यांपर्यंत जाऊ नका.

मग वाळवणं. शेंडा उलटा करून, म्हणजे पानं खाली आणि खुंट वर, सावलीत वारा लागेल अशा जागी ठेवायचा. उन्हाळ्यात तीन-चार दिवस पुरतात, पावसाळ्यात आठवडा, तोही पंख्याखाली. जखम सुकून तिच्यावर कडक पापुद्रा आला पाहिजे. या दिवसांत पानांची टोकं थोडी सुकतील, रंग उतरल्यासारखा वाटेल, घरातलं कुणीतरी ‘मेला तुझा अननस’ असंही म्हणेल. लक्ष देऊ नका. शेतकरीसुद्धा लागवडीचे फुटवे काही दिवस पडू देऊन, सुकवूनच लावतात. ओली जखम मातीत गेली की सड आत शिरते. माझ्या पहिल्या दोन शेंड्यांचं तेच झालं. कापले, तसेच लावले, वर पेलाभर पाणी घातलं आणि पंधरा दिवसांत बुडाशी आंबूस वास.

पाण्यात की मातीत?

शेंडा काचेच्या पेल्यात ठेवून मुळं फुटताना बघायला मजा येते, मुलं असतील तर जरूर करा. खुंट जेमतेम बुडेल इतकंच पाणी, दर दोन दिवसांनी ताजं, पेला उजेडात पण थेट उन्हात नको. तीन-चार आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात. दोन-तीन इंच झाली की मातीत हलवायचं. अडचण अशी की पाण्यात वाढलेली मुळं नाजूक असतात, मातीत गेल्यावर रोप पुन्हा महिनाभर रुसतं. मी आता सरळ मातीतच लावतो. मुळं दिसत नाहीत, त्यामुळे धीर लागतो, पण एक बदली वाचते.

माती कुठली? अननसाला आंबट माती लागते, सामू (पीएच) ४.५ ते ५.५ च्या आसपास. कोकणात आणि गोव्यात नारळी-पोफळीच्या सावलीत तो आनंदाने वाढतो, त्यात तिथल्या तांबड्या, निचऱ्याच्या, आम्लधर्मी जमिनीचा वाटा मोठा. देशावरची काळी माती मात्र त्याला अजिबात नको. ती चिकट, पाणी धरून ठेवणारी आणि बहुधा चुनखडीची. कुंडीसाठी माझं मिश्रण असं: एक भाग तांबडी माती, एक भाग जाडी वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे), एक भाग धुतलेलं कोकोपीट, अर्धा भाग गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट धुऊन घ्या, कारण त्यात क्षार असतात. ओलं मिश्रण मुठीत दाबून सोडल्यावर लाडू वळला गेला तर वाळू कमी पडली असं समजा.

अंड्याची टरफलं, राख, चुना हे घरगुती बागकामातले लाडके पदार्थ इथे घालू नका. तिन्ही मातीचा आंबटपणा मारतात.

पहिली कुंडी सहा इंची पुरे. मातीची असली तर उत्तम, जादा ओल ती स्वतःच शोषते. बुडाचं भोक मोकळं आहे ना ते बघा. मोठी कुंडी ‘पुढे लागणारच आहे’ म्हणून आत्ताच घेऊ नका. लहान रोपाभोवती माती जास्त असली की ती ओलीच राहते. शेंडा उघड्या खोडाएवढाच खोल लावा आणि भोवतालची माती बोटांनी घट्ट दाबा. पानांच्या मधल्या कोंबात माती जाऊ द्यायची नाही, हे फार महत्त्वाचं. एकदा पाणी द्या, जादा पाणी खालून निघून जाऊ द्या, आणि मग दीड-दोन महिने उजेडात पण कडक उन्हाबाहेर ठेवा. माती वरून सुकली की थोडंसं पाणी, एवढंच.

मूळ धरलंय का हे बघायला दर आठवड्याला उपटून पाहणारे लोक मला माहीत आहेत. मीही त्यांतलाच एक होतो. सहा आठवडे हात बांधून ठेवा, मग एक पान धरून हलकेच ओढा. विरोध जाणवला तर मूळ धरलं. खात्रीची खूण म्हणजे मधून उगवणारं ताजं, फिकट हिरवं पान. बाहेरची जुनी पानं सुकत असली तरी मधलं पान वाढतंय तोवर काळजी नाही.

खिडकीचा हिशेब

फळ हवं असेल तर दिवसाला किमान पाच-सहा तास थेट ऊन. घरात हे जमवणं हीच खरी कसरत आहे.

पूर्वेच्या खिडकीत सकाळचं कोवळं ऊन येतं. रोप सुखी राहतं, वाढ बेताची. पश्चिमेची खिडकी वाढीला चांगली, पण मार्च ते मे दुपारचं ऊन काचेतून भाजतं, तेव्हा रोप काचेपासून वीतभर आत ठेवा. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात सर्वोत्तम, कारण सूर्य खालून जातो आणि ऊन खोलीत लांबवर येतं. पण आपल्याकडे एक गंमत आहे. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. अननसाला तेव्हा वाढीचा हंगाम असतो. शक्य असेल तर उन्हाळ्यात कुंडी पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकवा. नुसत्या उत्तरेच्या खिडकीवर फळाची आशा धरू नका.

डासांची जाळी, ग्रिल आणि काच हे तिन्ही मिळून उजेड बराच खातात. आपल्या डोळ्याला खोली लख्ख वाटते, झाडाला नाही. रोपच सांगतं: पानं लांब, मऊ, गडद हिरवी होऊन बाजूला लोळायला लागली तर उजेड कमी. ताठ, जाड आणि कडांना किंचित लालसर असतील तर बरोबर. पांढरट-पिवळे करपलेले चट्टे आले तर ऊन एकदम वाढवलंत. सावलीतून उन्हात न्यायचं ते आठ-दहा दिवस घेऊन, रोज थोडं थोडं. कुंडी आठवड्यातून एकदा पाव वळसा फिरवा, नाहीतर रोप खिडकीकडे झुकतं.

ऊन नसेलच तर पूर्ण वर्णपटाचा एलईडी ग्रो लाइट रोपाच्या वर फूटभर अंतरावर, रोज बारा-चौदा तास. टायमर लावा, आठवणीवर राहू नका. परदेशातल्या थंड गावांत राहणाऱ्यांना तर याला पर्याय नाही. तिथे दुसरा शत्रू म्हणजे थंडी. १५ अंशांखाली अननसाची वाढ जवळपास थांबते, आणि बराच काळ १० च्या खाली गेला तर आतला कोंब दुखावतो. रात्री खिडकीच्या काचेला पान टेकू देऊ नका, आणि हीटरच्या थेट झोतातही ठेवू नका. तसं बघितलं तर अठराव्या शतकात इंग्लंड-हॉलंडमधल्या श्रीमंतांनी काचघरांत कातडी कमावण्याच्या सालीचा ढीग आंबवून, त्याच्या उबेवर अननस पिकवले होते. कॉर्नवॉलमधल्या हेलिगनच्या बागेत घोड्याच्या लिदीच्या उबेवर चालणारा तसा अननसाचा खड्डा पुन्हा उभा केलेला आहे. लिदीपेक्षा एलईडी सोसायटीला सोयीचा.

पाणी आणि खत

पाणी देण्याचं वेळापत्रक मी ठेवत नाही, बोट ठेवतो. बोटाची दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. ढोबळमानाने उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी, हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी, पावसाळ्यात त्याहूनही उशिरा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं तर ओतून टाका.

पानांच्या बेचक्यांत पाणी घालायचं का? अननस पानांच्या बुडातूनही पाणी आणि अन्न घेतो, त्यामुळे उन्हाळ्यात चमचाभर पाणी तिथे गेलं तर फायदाच. पण थंडीत, पावसाळ्यात किंवा एसीच्या खोलीत ते पाणी तसंच साचून राहतं आणि कोंब सडतो. मधली पानं अलगद निघून हातात आली, बुडाला घाण वास आला, म्हणजे गेला. असा कोंब परत येत नाही; फार तर बाजूने एखादा फुटवा येतो, म्हणून लगेच फेकू नका, माती कोरडी ठेवून महिनाभर वाट बघा.

बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी हा शहरातला मोठा प्रश्न आहे. त्यातल्या चुन्यामुळे मातीचा आंबटपणा जातो, मुळांना लोह मिळेनासं होतं आणि नवी पानं फिकट पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. पावसाळ्यात बादल्या भरून ठेवता आल्या तर अननसासाठी राखून ठेवा. तेही नसेल तर नर्सरीत मिळणारं चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, किंवा त्याहूनही थोडं कमी, महिन्यातून एकदा पानांवर फवारा.

खत नवीन पानं दिसायला लागल्यावरच. विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, पानांवर आणि बुडाशी फवारून. संध्याकाळी फवारा. कडक हिवाळ्यात बंद. शिवाय वर्षातून दोनदा वरची माती खरवडून मूठभर गांडूळखत. ताजं शेण, आंबवलेलं खरकटं यांचा प्रयोग घरात तरी करू नये, झाडासाठी नाही तर नाकासाठी.

किडींमध्ये खरा त्रास पिठ्या ढेकणांचा, क्वचित खवले किडीचा. मुंग्या पानांवर ये-जा करायला लागल्या की समजा, त्या ढेकणांचा गोड चिकटा गोळा करताहेत. थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक पुसा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा फवारा. बेचक्यांच्या आत पोचलं पाहिजे, नाहीतर वरवरचे मरतात आणि आतले पुन्हा वाढतात. फवारल्यावर दिवसभर उन्हात ठेवू नका.

वर्षभराने मोठी कुंडी

साधारण वर्षानंतर, मुळं भोकातून डोकावायला लागली की रोप दहा-बारा इंची कुंडीत हलवा. हीच शेवटची. पूर्ण हातमोजे घाला, पानं जुन्या ओढणीने किंवा पंच्याने सैल बांधून घ्या, मग कुंडी आडवी करून रोप काढा. नव्या कुंडीत पूर्वीपेक्षा इंचभर खोल लावलं तरी चालतं, कोंब मात्र मोकळा. वाढलेलं रोप आडवं अडीच-तीन फूट जागा अडवतं, हे आत्ताच ध्यानात घ्या. खिडकीच्या कट्ट्यावर मावणार नाही, जमिनीवर किंवा स्टुलावर यावं लागेल.

फुलायला लावणे

दीड-दोन वर्षांनी रोपाला तीस-चाळीस पानं झाली आणि मधली लांब पानं दोन फुटांच्या आसपास गेली की रोप वयात आलं. काही रोपं डिसेंबर-जानेवारीत, लहान दिवस आणि गार रात्री आल्या की आपणहून फुलतात. घरात मात्र रात्री दिवे चालू, हवा उबदार, त्यामुळे थंडीची चाहूल त्यांना लागतच नाही. तेव्हा थोडी फसवणूक करावी लागते.

ही फसवणूक माणसाला योगायोगाने सापडली. अझोर्स बेटांवरच्या काचघरांत १८७४ साली धुराचा संपर्क झालेले अननस एकदम फुलल्याचं बागवानांच्या लक्षात आलं, आणि पुढे ते मुद्दामच धूर करायला लागले. धुरातला नेमका कर्ता इथिलिन वायू आहे हे पोर्तो रिकोमध्ये रॉड्रिग्ज नावाच्या संशोधकाने १९३२ मध्ये दाखवलं. आज शेतकरी त्यासाठी इथेफॉन हे इथिलिन सोडणारं रसायन वापरतात. आपल्याला घरात धूर नको आणि रसायनही नको. पिकलेलं सफरचंद इथिलिन सोडतं, तेवढं बस.

नोव्हेंबर ते जानेवारीतला थंड आठवडा निवडा. फार उष्ण हवेत हा उपाय नीट लागत नाही. महिनाभर आधी खत थांबवा. पानांच्या बेचक्यांतलं पाणी उपडं करून काढा. दोन चांगली पिकलेली सफरचंदं, किंवा सफरचंद आणि पिकलं केळं, रोपाच्या बुडाशी मातीवर ठेवा. मोठी पारदर्शक प्लास्टिक पिशवी वरून चढवून कुंडीला सुतळीने बांधा आणि चार-पाच दिवस उन्हापासून दूर ठेवा. पिशवीत असताना ऊन लागलं तर रोप शिजतं. मग पिशवी काढा, फळं फेका, रोप पुन्हा खिडकीत.

कॅल्शियम कार्बाइडचा खडा कोंबात टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू पेटणारा असतो, आणि फळं पिकवण्यासाठी कार्बाइडवर आपल्याकडे बंदी आहे ती उगीच नाही.

दीड-दोन महिन्यांनी मधली कोवळी पानं तळाशी लालबुंद व्हायला लागतात. पहिल्यांदा ती लाली दिसली तेव्हा मला कोंब सडला असं वाटून मी रात्री टॉर्च घेऊन वास घेत बसलो होतो. ती लाली म्हणजे फळाची सुरुवात. दोन महिन्यांत काहीच दिसलं नाही तर एकदा पुन्हा करा.

फूल, फळ आणि कापणी

लाल कोंबातून बोराएवढी, मग लिंबाएवढी कळी वर येते आणि तिच्यावर खालून वर निळसर-जांभळी फुलं उमलायला लागतात, रोज थोडी, प्रत्येक फूल जेमतेम एका दिवसाचं. अशी शंभर-दोनशे फुलं मिळून एक अननस. सोलल्यावर दिसणारा प्रत्येक डोळा म्हणजे एकेक फूल. ते डोळे तिरक्या ओळींत बसतात, आणि या ओळी मोजल्या तर साधारणपणे एका दिशेने ८, दुसऱ्या दिशेने १३ भरतात. फळवाला डोळे काढताना सुरी तिरकी फिरवत चक्राकार चर पाडतो तो याच ओळींच्या आधाराने. परागीभवनाची काळजी करू नका. अननस स्वतःच्या परागांनी फळत नाही, बी न धरताच फळ भरतो, म्हणून तर तो खायला सुटसुटीत.

फुलं संपल्यापासून फळ पिकायला पाच-सहा महिने. या काळात जागा बदलू नका, पाणी नियमित ठेवा, फवारणी फळावर नको. फळ जड होऊन दांडा झुकायला लागला तर बांबूची काठी रोवून सैल गाठीने बांधा.

तळाचे डोळे पिवळे होऊन ती पिवळाई निम्म्यापर्यंत चढली आणि खोलीत वास भरला की कापा. आंब्यासारखा तोडून आढीत घालण्यात अर्थ नाही. अननसात पिठूळ साठाच नसतो, तोडल्यावर तो मऊ होतो, गोड होत नाही. घरचं फळ लहान असणार, बहुधा पाऊण किलोच्याही आत. आमचं पहिलं शिऱ्यापुरतं झालं. दह्यात घालून कोशिंबीर करणार असाल तर फोडी आधी शिजवून घ्या. न शिजवलेल्या अननसातलं ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) दह्यातली प्रथिनं तोडतं आणि तासाभरात कोशिंबीर कडू होते.

एक रोप एकदाच फळतं. पण ते लगेच उपटू नका. फळ येतानाच किंवा नंतर बुडाशी आणि पानांच्या बेचक्यांतून फुटवे निघतात. ते वीतभर, म्हणजे आठ-दहा इंच झाले की खाली दाबत पिळून काढा, दोन-तीन दिवस सुकवा आणि शेंड्यासारखेच लावा. फुटव्याचं रोप शेंड्यापेक्षा लवकर, दीड वर्षाच्या आसपास फळावर येतं. जोमदार असा एक फुटवा जुन्या बुंध्यावरच ठेवून बाकीचे काढले तरी चालतं. आईची मुळं त्याला आयती मिळतात. उरलेले मी शेजारी वाटतो. मॉरिशसचा फुटवा देताना बरोबर हातमोजे द्यावेत असं आमच्या तिसऱ्या मजल्याचं म्हणणं आहे.